मशीन म्हणालं, बीडमध्ये नाही

माझा धंदा भीक मागण्याचा आहे. घरात त्याला ‘ऑनलाइन काम’ म्हणतात आणि कंपनीत ‘लिंक बिल्डिंग’, पण काम तेच. बीडमधल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी परदेशातल्या अनोळखी माणसांना मेल लिहिते. तुमचा लेख वाचला, भारावून गेले, त्यात आमच्या गिऱ्हाइकाच्या वेबसाइटची लिंक टाकाल का? आमचं गिऱ्हाईक कुत्र्यांच्या गाद्या विकतं. सकाळचा चहा झाला की मी भारावायला बसते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बऱ्याच जणांच्या लेखांनी भारावून झालेली असते. उत्तर सहसा कुणी देत नाही.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काम समजावून सांगायला मला भीती वाटत होती. ते एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. फुकट प्रवास आणि फुकट बडबड दोन्हींची त्यांना चीड. पण त्यांना ते झटक्यात कळलं.

“म्हंजी वशिला,” ते म्हणाले. “आपलं नाव आपुन घ्यायचं न्हाई, दुसऱ्याच्या तोंडून घ्यायला लावायचं. यात नवीन काय हाय?”

नवीन एवढंच होतं की पूर्वी लोक शोधायचे तेव्हा दहा नावं समोर यायची आणि त्यातलं एक माणूस आपल्या अकलेनं निवडायचा. आता लोक एआयला विचारतात आणि ते एकच उत्तर देतं, तेही अशा खात्रीनं की वाटावं, याचं सगळं आयुष्य बीडच्या सुभाष रोडवर गेलंय. ते उत्तर ते कुठून आणतं? ज्या पानांवर त्याचा भरवसा असतो तिथून. म्हणून आमच्या कंपनीचा नवा मंत्र: सगळ्यांना मेल लिहीत बसू नका, एआय ज्यांचं ऐकतं त्यांना आधी गाठा. महिनाभर मीटिंगा घेऊन साहेबलोकांनी हे शोधून काढलं. आबांनी ते चहा संपायच्या आत सांगितलं होतं.

हे सगळं कुत्र्यांच्या गाद्यांपुरतंच राहिलं असतं तर मी कशाला लिहायला बसले असते. पण ते आमच्या ताईपर्यंत आलं.

ताई माझी मोठी बहीण. ज्या मुलांना बोलता येत नाही, अडखळतं, किंवा कमी ऐकू आल्यामुळे ज्यांचं बोलणं मागं पडलंय, त्यांना ती बोलायला शिकवते. पुण्यात शिकली, तिथंच एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला होती. तिथं आपल्याकडची मुलं यायची. एकदा यायची आणि परत दिसायची नाहीत. कारण बोलायला शिकवणं म्हणजे एकदा दाखवून गोळ्या घेऊन जायचं काम नाही, दर आठवड्याला यावं लागतं, आणि दर आठवड्याला लेकरू घेऊन पुण्याला कोण येईल? म्हणून ताई नोकरी सोडून बीडला आली आणि बसस्टँडच्या मागं, टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन बसली. बाहेर पाटी लावली: वाचा उपचार केंद्र. टायरवाल्याला लोक विचारायचे, वर वाचनालय झालंय का?

येणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली एक नेकनूरची, फळगाडीवाल्याची मुलगी. तिची आई तिला घेऊन दर मंगळवारी बसनं यायची, न चुकता. ती पोर आली तेव्हा फक्त ओरडायची. नंतर ‘दे’ म्हणायला लागली, आणि एकदा ‘दे’ जमल्यावर तिनं कुणाच्याही हातात काही राहू दिलं नाही.

पण एका मंगळवारावर केंद्र चालत नाही. पुण्याच्या दवाखान्यानं ताईला परत बोलावलं होतं, दिवाळीपर्यंत सांगा म्हणून. ताई म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते. मुलं आली नाहीत तर जाते. ती हे अगदी सहज म्हणाली, आणि नंतर बराच वेळ खेळण्यातल्या शिट्ट्या धूत बसली.

त्याच सुमारास गेवराईकडचा एक माणूस टायर बदलायला आला आणि पाटी बघून वर चढला. त्याचा मुलगा तीन वर्षांचा, बोलत नव्हता. तो पुण्याला जाऊन, लॉजवर राहून, एकदा दाखवून आला होता.

“बाई, कवापस्नं हायत तुमी हितं?” त्यानं विचारलं.

ताईनं सांगितलं.

“मंग मोबाइल कावून म्हन्ला बीडात न्हाई म्हून? म्या बोलून इचारलं त्याला. लई गोड बोलला. म्हन्ला, पुन्याला जा न्हाईतर संभाजीनगरला.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही लॉजचं भाडं भरून. ताई हसली. मला मात्र असा राग आला की काय सांगू. जगभरच्या कुत्र्यांनी कुठल्या गादीवर झोपावं हे त्या मशीनला मी शिकवते, आणि माझी सख्खी बहीण बसस्टँडच्या मागं बसलेली त्याला दिसत नाही! मी त्याच दिवशी ठरवलं, दिवाळीच्या आत या मशीनच्या तोंडून ताईचं नाव काढायचं.

मी शिकलेल्या पद्धतीनं सुरुवात केली. आधी केंद्राची एक वेबसाइट केली, त्यावर नुसतं नाव आणि पाटीचा फोटो. आईबाप जे विचारतील ते सगळे प्रश्न एआयला विचारले. पोरगं बोलत नाही, काय करू. बीडजवळ कुणाला दाखवू. उत्तर देताना ते कुणाचा हवाला देतं ते टिपलं. एक पुण्यातलं हॉस्पिटल (ताईचा जुना दवाखानाच), एक मुंबईची पालकांची वेबसाइट, एका दैनिकाची आरोग्याची पुरवणी. यांना पहिला नंबर. बाकीचे नंतर. सगळ्यांना मेल लिहिले, आणि या वेळी खरोखर भारावून लिहिले.

पुरवणीनं कळवलं की त्यांच्याकडे ‘प्रायोजित मजकुरा’चं दरपत्रक आहे. पालकांच्या वेबसाइटवरून आपोआप निघालेलं उत्तर आलं, ‘तुमचा मेल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. हॉस्पिटल गप्प. मी स्वतः रोज असे मेल पाठवते, त्यामुळे त्यांचा राग मानायचा मला हक्क नव्हता, पण मी तो मानला.

आबांनी माझा क्रम बघितला आणि कपाळाला हात लावला.

“अगं, यात मानपान कुठाय? लग्नाचं आवतण देताना आपुन कुणाला आधी देतो? जो रुसंल त्याला. तुजी ही मानसं न रुसनारी न हसनारी. आधी सायबाला गाठाय पायजे.”

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सध्या कुठल्याही पदावर नाहीत, पण नावाच्या आधी इतकी विशेषणं आहेत की पदाला जागाच उरलेली नाही. आबांची योजना सोपी होती. ताईचा जाहीर सत्कार ठेवायचा, साहेबांच्या हस्ते. साहेब आले की न्यूज पोर्टलवाले येतात, पोर्टलवाले आले की बातमी येते, आणि बातमी म्हणजे तुझी ती लिंकच की. मी विरोध करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हिशेबानं ते बरोबर होतं. आमच्या जिल्ह्यात पानटपऱ्यांच्या खालोखाल न्यूज पोर्टल आहेत.

आमच्या गल्लीतल्या विहाराच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. चौकात फ्लेक्स लागला, त्यात साहेबांचा फोटो दरवाजाएवढा, ताईचा पाटावर बसेल एवढा, आणि खाली शुभेच्छुकांची डोकी खचाखच. ताईनं मुलांच्या बोलण्याबद्दल सांगायला भाषण तयार केलं होतं. लेकरू दीड-दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल तर वाट बघू नका, एवढंच तिला सांगायचं होतं. पण साहेब बोलले, त्यांच्या आधी बोलणारे बोलले, त्यांच्या नंतर बोलणारे बोलले, आणि ताईच्या हातात माइक आला तेव्हा सूत्रसंचालकानं तिच्या कानात सांगितलं, “म्याडम, दोन शब्दात.” मुलांना दोन शब्द बोलायला लावण्यात जिचं आयुष्य गेलं, तिनं “सगळ्यांचे आभार” एवढे दोनच शब्द म्हटले आणि ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोर्टलवर बातमी. सगळीकडे तीच, कारण ती साहेबांच्या पीएनं लिहून पाठवली होती. पहिला परिच्छेद साहेबांच्या विशेषणांचा. दुसरा उपस्थितांच्या नावांचा, कुणी रुसू नये म्हणून लांबलचक. तिसऱ्यात वाचा उपचार केंद्र, साहेबांचं मार्गदर्शन, साहेबांचे आशीर्वाद. मग ‘यावेळी केंद्राच्या ताईंचाही सत्कार करण्यात आला’. पत्ता नाही, केंद्राची वेळ नाही, ताई करते काय त्याचा एक शब्द नाही. पण प्रत्येक बातमीच्या तळाशी केंद्राच्या वेबसाइटची लिंक होती, मी पीएच्या मागं लागून टाकायला लावलेली. कंपनीत एवढ्या लिंका एका दिवसात आणल्या असत्या तर माझा फोटो भिंतीवर लागला असता. आबा घरभर मिशीला पीळ देत फिरत होते.

काही आठवड्यांनी मी एआयला पुन्हा विचारलं. उत्तर बदललं होतं. होय, बीडमध्ये अशा मुलांसाठी केंद्र आहे, ते म्हणालं. आणि पुढं त्याच गोड खात्रीनं सांगितलं, की हे केंद्र साहेब चालवतात, संपर्कासाठी त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात जावं.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे आम्हाला माहीत होतं. पण मशीनलाही इतक्या लवकर माहीत झालं! मला वाटलं होतं, परदेशात शिकलेलं मशीन आहे, जरा तरी वेगळं निघेल. ते तर महिन्याभरात बीडचं झालं. मी ताईला उत्तर वाचून दाखवलं. तिला हसू आवरेना. म्हणाली, “बरं झालं, भाडं आता साहेबांनाच मागायला सांगते मालकाला.”

तिचं हसू फार दिवस टिकलं नाही. एका सकाळी गावातल्या ग्रुपवर फोटो आला. साहेब खुर्चीत, मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा, मागं अवघडून उभे आईबाप. वर ठळक अक्षरात: ‘साहेबांनी केली मुक्या बालकाची आपुलकीनं विचारपूस’. खाली लिहिलं होतं, कुटुंब उमापूरचं.

ती माणसं मोबाइलला विचारून साहेबांच्या कार्यालयात गेली होती. विजेची डीपी जळाली म्हणून आलेल्या, बदली पाहिजे म्हणून आलेल्या लोकांत लेकरू घेऊन बसली. त्यांना चहा मिळाला, फोटो मिळाला, ‘बघू, करू’ मिळालं. टायरच्या दुकानावर एक बाई बसते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण तिथं ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. ती माणसं उमापूरला परत गेली.

ताईनं पीएला फोन लावला. तिचा आवाज मी पहिल्यांदा इतका चढलेला ऐकला. “त्यांचा नंबर द्या मला.”

“नंबर घेतला न्हाई ना ताई,” पी‌ए म्हणाला. “फोटो घेतलाय. फोटो पाठवू का?”

ताईनं फोन ठेवला आणि रडायला लागली. चार वर्षांचं मूल, म्हणाली. अजून हाताशी आहे. अजून वर्षभर कुणी काही केलं नाही तर मग माझ्याकडं येऊन उपयोग काय? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या मशीनला, साहेबांना, पोर्टलांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येत नाहीत. खरं तर येतात, पण आबा वाचतील.

आबांनी सगळं ऐकलं.  दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की ते घराबाहेर पडू लागले. कुठं जातात ते आम्हाला टायरवाल्याकडून कळलं. ते साहेबांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. लेकरू कडेवर घेतलेलं कुणी दिसलं की उठून विचारायचे, “पोरगं बोलत न्हाई का? मंग हितं न्हाई. चला, बसस्टँडच्या मागं.” आणि रिक्षात बसवून ताईकडे आणून सोडायचे. जन्मभर लोकांना योग्य स्टॉपवर उतरवलेला माणूस. ताईच्या सत्काराची शाल मात्र त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घातली.

आबांच्या बाकड्यानं दोन-तीन मुलं वाढली. पण सगळा जिल्हा आबा किती दिवस रिक्षातून आणणार? मी माझा क्रम फाडून टाकला आणि पहिल्यापासून विचार केला. मशीनला ताईबद्दल जे सापडत होतं त्यात ताई नव्हती. आधी ते तर लिहायला पाहिजे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मंगळवारी मी नेकनूरच्या त्या आईसमोर मोबाइल धरून बसले. तिला फोटो नको होता, व्हिडिओ नको होता. “बोलते मी,” म्हणाली. “तुमी लिवा.” मी म्हटलं, एखाद्या नव्या आईला सांगायचं तर तुम्ही काय सांगाल?

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगायला लागली. बस कुठं थांबते. मागच्या गेटानं यायचं. टायरचं दुकान दिसलं की वर चढायचं, जिन्याला कठडा न्हाई, लेकराचा हात धरा. बाई लेकराला रागवत न्हाईत. पहिल्या दिवशी नुसतं खेळवतात, तवा वाटतं ह्याचेच पैसे घेतात का काय, पन दम धरा. घरी लेकरानं बोट दाखवलं की लगेच वस्तू देऊ नका. माज्या सासूनं लई ऐकवलं, पोरीला तरसवती म्हणून. आता तीच पोर सासूला नाव घेऊन हाका मारती.

तिचं सांगून झालं असं मला वाटलं. ती थांबली, आतल्या खोलीत ताई तिच्या मुलीशी खेळत होती तिकडं बघितलं, आणि म्हणाली, “आनखी एक लिवा. बाई हितंच ऱ्हातात. कुठं जात न्हाईत.”

मी तेही लिहिलं. सगळं तिच्याच बोलीत केंद्राच्या वेबसाइटवर टाकलं.

आता हे कुणाला पाठवायचं? मोठमोठ्यांना मेल लिहून झाले होते. मग मशीनला मी मराठीत असे प्रश्न विचारले जे आई नाही, शाळेतल्या बाई विचारतील. वर्गातलं मूल बोलत नाही, काय करावं. आणि ते कुणाचे हवाले देत होतं? जिल्हा परिषदेच्या गुरुजींच्या ब्लॉगांचे! आपल्याकडे कुणी वाचो न वाचो, गुरुजी ब्लॉग चालवतात. शासन निर्णय, प्रश्नपत्रिका, पाढे, सूत्रसंचालनाच्या चारोळ्या. मराठीत दुसरं कुणी एवढं लिहीतच नाही, म्हणून ते मशीन बिचारं त्यांच्या पायाशी बसून मराठी शिकलेलं दिसलं.

युसूफ वडगावच्या एका गुरुजींना मी पहिला मेल लिहिला. भारावले वगैरे काही नाही. सरळ लिहिलं: माझी बहीण हे काम करते, मुलं तिच्यापर्यंत पोचत नाहीत, ही एका आईची माहिती, तुमच्या ब्लॉगवर द्याल का? उत्तर तासाभरात आलं. माझ्या धंद्यात असं होत नसतं, म्हणून मी आधी पत्ता तपासला. गुरुजींनी लिहिलं होतं, ‘मॅडम, इतक्या वर्षांत ब्लॉगवर पहिल्यांदाच कुणीतरी मला काही विचारलं. माझ्या वर्गात एक मूल आहे. हजेरीला फक्त हात वर करतं. सगळे त्याला मुका म्हणतात, मीसुद्धा म्हणायचो. घेऊन येतो.’

त्यांनी माहिती जशीच्या तशी दिली, लिंकसकट. त्यांच्यावरून दुसऱ्यांनी उतरवली, दुसऱ्यांवरून तिसऱ्यांनी. गुरुजी लोक कॉपी पकडण्यात जेवढे तयार तेवढेच करण्यात. कुणी वर ‘उपयुक्त माहिती, जरूर वाचा’ जोडलं, कुणी फुलांचं चित्र लावलं. नेकनूरच्या त्या आईचं बोलणं जिल्हाभर गेलं.

दिवाळी तोंडावर आली. आमच्या घरात कुणी पुण्याचा विषय काढत नव्हतं. ताईनं बॅगा माळ्यावरून खाली काढल्या होत्या, पुसायला म्हणून, आणि त्या परत वर गेल्या नव्हत्या.

त्या दिवसांत एका दुपारी मी केंद्रात होते. जिन्यात पावलं वाजली. दारात एक माणूस, कडेवर मुलगा, मागं बायको. मी त्यांना लगेच ओळखलं. फोटोत बघितलं होतं, साहेबांच्या मागं अवघडून उभे. उमापूरचे.

“साहेब हायत का?” त्या माणसानं दबकत विचारलं.

“साहेब इथं नसतात,” ताई म्हणाली. “मीच असते.”

“न्हाई, बरं हाय मंग,” तो म्हणाला, आणि खिशातून मोबाइल काढून त्यानं ताईपुढं धरला. “आमी पुन्यांदा इचारलं ह्याला. आता हे म्हनतंय बगा.”

ताईनं मोबाइल हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. बीड बसस्थानकाच्या मागील बाजूस, टायरच्या दुकानावर. जिन्याला कठडा नाही, मुलाचा हात धरावा. मुलांना रागावलं जात नाही. हे केंद्र साहेबांच्या मार्गदर्शनाखाली चालते (तो डाग काही धुऊन निघालेला नाही, आजही नाही). आणि मग शेवटची ओळ. ती वाचताना ताई अडखळली.

“उपचार करणाऱ्या बाई बीडमध्येच राहतात. त्या कुठेही जात नाहीत.”

ती माझ्याकडं बघायला लागली. “हे कुणी सांगितलं?”

“नेकनूरच्या त्यांनी,” मी म्हटलं. “तुझ्या पुण्याचं त्यांना कुणी सांगितलं ते मला विचारू नकोस. मंगळवारी आबा त्यांना स्टँडवर भेटतात.”

 उमापूरच्या पोरानं तेवढ्यात टोपलीतली शिट्टी उचलली होती. ताईनं खाली बसून ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि उंच धरली. पोरानं बोट दाखवलं. तिनं दिली नाही. पोरगं चिडलं, पाय आपटले, आई कासावीस झाली. ताई तशीच बसून राहिली, शिट्टी धरून, त्याच्या तोंडाकडं बघत.

“पुण्याला मेल करून टाक गं,” त्याच्यावरची नजर न काढता ती मला म्हणाली. “माझ्या नावानं. तुला सवय आहे.”

मी तिथंच बाकड्यावर बसले. त्या दवाखान्याच्या लोकांना मी याआधी लिंकसाठी लांबलचक मेल लिहिले होते, भारावलेले. हा दोन ओळींत झाला.

मी लिहिलं: बाई इथंच राहतात. कुठं जात नाहीत.